म्युझियममधला डबा: जुना किती, नवा किती?

डोंबिवली_फास्ट:
दिल्लीला चाणक्यपुरीच्या रेल म्युझियममध्ये पतियाळाची मोनोरेल बघितली. वाफेचं इंजिन, एकच रूळ, आणि तोल राखायला बाजूला रस्त्यावरून धावणारं थोरलं चाक. भन्नाट प्रकार! नंतर वाचलं की इंजिन १९०९ चं आहे, पण डबा अमृतसरच्या वर्कशॉपमध्ये जुन्या सांगाड्यावर नव्याने बांधलाय. मग त्याला ऐतिहासिक कसं म्हणायचं?

रंधा:
उभी नोकरी कॅरेज वर्कशॉपच्या सुतारखात्यात गेली, म्हणून बोलतो. ती गाडी १९२७ ला बंद पडली. रेल्वेच्या इतिहासाचे अभ्यासक माइक सॅटो यांना भंगारात सापडली १९६२ साली. तोवर लाकडाचं काय उरणार?

लाकडी डबा मरतो छतापासून. पूर्वी फळ्यांवर कॅनव्हास ताणून वर रंगाचे थर देत. त्याला चीर गेली की पाणी कोपऱ्यातल्या खांबातून उतरतं आणि खाली खाचेत साचतं. सागवान चिवट खरं, पण साचलेल्या पाण्यापुढे तेही हरतं. बाहेरून रंग चकाचक, आत बोट घातलं तर भुसा. आम्ही हातोडीने ठोकत जायचो. बद्द आवाज आला की तेवढं लाकूड काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.

नवं लाकूड घालण्यात पाप नाही. आतल्या बाजूने त्यावर साल कोरून ठेवा, म्हणजे झालं.

घाटरस्ता:
अस्सल बघायचं तर तिथेच म्हैसूरच्या महाराजांचं १८९९ चं सलून, म्हणजे खासगी शाही डबा, आहे की.

काका, आमच्याकडे एक नॅरोगेजचा डबा उघड्यावर ठेवलाय. यंदा ग्राइंडरने घासून रंगवणार म्हणतात.

रंधा:
ग्राइंडर? थांबवा आधी! जुन्या रंगात शिसं असतं, ती धूळ छातीत जाते. शिवाय डबा कधी कोणत्या रंगात होता याचा पुरावा त्या थरांतच असतो. तळहाताएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने थराथराने घासा, फोटो काढा आणि तो तुकडा तसाच राखा.

रंगाचे पैसे शेडला घाला. तेही जमत नसेल, तर पावसाआधी दरवाजांखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. रंगारी हमखास तीच बुजवतात.