फाझिल साय यांच्या आधीची इदिल बिरेत

तुर्की पियानोवादक म्हटलं की फाझिल साय यांचंच नाव घेतलं जातं, पण पियानोवादक इदिल बिरेत राहून जाते की! जन्म १९४१, अंकारा. ही सात वर्षांची असताना तुर्की संसदेने चक्क खास कायदा केला, तिला आणि व्हायोलिनवादक सुना कानला परदेशी शिकायला पाठवता यावं म्हणून. पॅरिसमध्ये नादिया बुलांजे गुरू, पुढे पियानोवादक कोर्तो आणि केम्फ. अकराव्या वर्षी केम्फसोबत मोझार्टचा दोन पियानोंचा कॉन्चेर्तो (वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना) वाजवला.

१९८६ मध्ये बेथोवनच्या नऊही सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना), संगीतकार लिस्टने एका पियानोसाठी उतरवलेल्या, तिने रेकॉर्ड केल्या. नवव्या सिंफनीचा शेवट जरूर ऐका. मुळात अख्खा वाद्यवृंद, वर कोरस, आणि हातांची बोटं दहाच. संगीतकार शोपँच्या रचना मात्र ती जरा कोरड्या वाजवते असं मला वाटतं.