गायनवर्गातील मुलांसाठी स्वरात वाजणारी वाद्ये घरी कशी बनवावीत?

प्रश्न
नमस्कार. मी दर रविवारी घरी ६ ते १० वर्षांच्या १४ मुलांचा गायनवर्ग घेते. वर्गात एक पेटी आणि एक तबला-डग्गा एवढेच असल्यामुळे एक-दोन मुले वाजवतात आणि बाकीची आपली पाळी कधी येते याची वाट पाहत बसतात. म्हणून मी प्लास्टिकच्या बाटल्यांत तांदूळ भरून खुळखुळे केले आणि बुटांच्या खोक्यावर रबर ताणून तंतुवाद्यही करून पाहिले. खुळखुळे चांगले चालले. परंतु रबर कितीही ताणले तरी त्याचा स्वर जेमतेम बदलतो आणि मुले षड्ज लावत असताना ते भलताच सूर धरून बसते. कान तयार होण्याच्या वयात बेसूर वाद्य मुलांच्या हाती देणे मला पटत नाही. आम्ही काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गातो. सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून सप्तकातले स्वर नीट देणारे वाद्य बनवता येईल का?

प्रतिसाद १
ताई, रबराबद्दलचे तुमचे निरीक्षण अचूक आहे. तार पिळली की तिची लांबी जवळपास तेवढीच राहते आणि वाढलेल्या ताणामुळे स्वर चढतो. रबर मात्र ताणाबरोबर लांबही होते, त्यामुळे ताणाने चढलेला स्वर लांबीने पुन्हा खाली येतो. रबर सोडून द्यावे आणि नळ्या घ्याव्यात, असे मी सुचवेन.

विजेच्या वायरिंगसाठी मिळणारा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सव्वा मीटर आणला तर पूर्ण सप्तक होते. नळीचा तळ बुचाने बंद करून वरच्या तोंडावर आडवी फुंकर घालायची. बुचापासून तोंडापर्यंतची लांबी सा १८ सेंटिमीटर, रे १६, ग १४.४, म १३.५, प १२, ध १०.८, नी ९.६ आणि वरचा सा ९ अशी ठेवावी. यातला सा काळी पाचच्या आसपासच लागतो, म्हणजे तुमच्या पेटीशी जुळेल. प्रत्येक नळी मापापेक्षा २ सेंटिमीटर लांब कापावी, म्हणजे बूच मागेपुढे सरकवून स्वर जुळवता येतो: आत ढकलले की चढतो, बाहेर ओढले की उतरतो. नळीतली हवा तोंडाच्या किंचित बाहेरपर्यंत कंप पावत असल्यामुळे आखूड नळ्या या मापांवर थोड्या उतरलेल्या वाजतात. वरच्या सा-चे बूच साधारण २ मिलिमीटर आत घ्यावे लागते. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्याशिवाय नळी मुलांच्या ओठांना लावू देऊ नये, आणि एक नळी एकाच मुलाने वाजवावी.

प्रतिसाद २
नळ्यांचा उपाय मोठ्या मुलांसाठी उत्तम आहे. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलांना आडवी फुंकर लवकर साधत नाही आणि सलग फुंकल्याने त्यांना गरगरते, असा माझा अनुभव आहे. त्यांच्यासाठी जलतरंग, म्हणजे पाणी भरलेल्या वाडग्यांवर काडीने वाजवायचे वाद्य, करावा. त्याला आठ वाडगे लागतातच असे नाही. भूप राग शिकवायचा असेल तर सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा एवढे सहा पुरतात, आणि या वयाला भूपापेक्षा चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

वाडगे चिनी मातीचे आणि लहानमोठ्या आकारांचे घ्यावेत, आणि दुकानातच टिचकी मारून ऐकावेत. पाणी घातले की वाडग्याचा स्वर उतरतो, म्हणून रिकामा असताना हव्या त्या स्वरापेक्षा थोडा चढा वाजणारा वाडगा निवडावा. वाडगा अर्धा भरेपर्यंत फारसा फरक पडत नाही. काठाजवळ मात्र चमचाभर पाणीही बरेच काम करते, कारण सर्वांत जास्त थरथरतो तो काठच. काचेच्या बाटलीवर काडीने वाजवले तर पाण्याने स्वर उतरतो आणि त्याच बाटलीत फुंकले तर पाण्याने चढतो, हे मुलांना अवश्य करून दाखवावे. त्यांना त्याचे फार नवल वाटते.

प्रतिसाद ३
ज्यांच्या वाट्याला स्वर येणार नाही त्या मुलांकडे ताल द्यावा. सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे ठोकून सपाट करावीत, कडा घासाव्यात आणि लाकडी पट्टीला खिळ्याने सैल अडकवावीत. अशा दोन पट्ट्यांच्या चिपळ्या होतात. सहा मात्रांच्या दादरा तालात पहिल्या मात्रेला सगळ्यांनी चिपळ्या वाजवायच्या आणि चौथ्या मात्रेला, म्हणजे खालीला, आवाज न करता फक्त हात उघडायचा. हा न वाजवलेला ठोकाच मुलांना सर्वांत अवघड जातो, म्हणून त्याला वेळ द्यावा. खुळखुळ्यांची झाकणे कृपया डिंकाने पक्की करावीत, कारण लहान मुले दाणे तोंडात घालतात.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. भूपापुरत्या सहा नळ्या या रविवारी तयार केल्या. धैवताची नळी मापाप्रमाणे कापूनही उतरलेली वाजत होती. मी पेटीवर ध धरून ठेवला आणि एका मुलीला बूच हळूहळू आत ढकलायला सांगितले. दोन्ही स्वर एकमेकांत मिसळले तेव्हा, मी काही बोलण्याआधीच, वर्गातल्या पाच-सहा मुलांनी ‘बास, आता थांब’ असे सांगितले. वाडगे पुढच्या आठवड्यात आणीन.