भाऊ आधी गप्प झाला, मग प्यायला लागला. इलाज नक्की कशाचा करायचा?

कापूसवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कापूस आणि सोयाबीनचा पट्टा. मोठा भाऊ 38 वर्षांचा आहे, आधी लग्नाकार्यात कधीमधी घ्यायचा, बस तेवढंच. बोंडअळीनं कापूस गेला, सोसायटीचं कर्ज थकलं, तेव्हापासून तो गप्प झाला, पारावर येणं बंद, रात्री तीनला उठून ओट्यावर बसायचा, जेवण अर्ध्यावर सोडायचा, खर्रा (सुपारी-तंबाखू) मात्र वाढला. देशी सुरू झाली ती त्यानंतर. आता सकाळी उठल्या उठल्या पव्वा लागतो, नाही मिळाला तर हात इतके थरथरतात की वैनी चहाचा कप स्वतः धरून पाजते. वैनी पण आता कोणाशी बोलत नाही.

आणि हे एकट्या भावाचं नाही, आमच्या आळीत असे अजून दोघं-तिघं आहेत. दिवाळीनंतर कापूस विकला की हातात पैसे येतात तेव्हा पिणं वाढतं, आणि जूनमध्ये बी-खताची जुळवाजुळव सुरू झाली की काही माणसं एकदम मिटून जातात, मी हे दरवर्षी बघतोय.

गावात कोणी म्हणतं भाजीतून गोळ्या द्या, कोणी म्हणतं चार दिवस खोलीत कोंडा आपोआप सुटते. दारू सोडवायची की आधी मनाचा इलाज करायचा? जायचं कुठं?

समुपदेशक_अमरावती

दादा, पहिलं म्हणजे कोंडू नका. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय लागलीय, अशा माणसाची एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, माणसं न ओळखणं, ताप, घाम असं सगळं होतं, त्यात जीव जाऊ शकतो. हे दवाखान्यात भरती करून गोळ्यांवर व्यवस्थित उतरवता येतं. गावातले डॉक्टर सलाईन लावून घरी पाठवतात, पण इतकं पिणाऱ्याला बी-1 व्हिटॅमिन आधी मिळायला हवं, नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. भरती करताना तो रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली हे न लपवता सांगा.

भाजीतून गोळ्या तर अजिबातच नको!! त्या बहुतेक वेळा डायसल्फिरामच्या असतात. वरून दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम पडतं. हे औषध पेशंटला माहीत असताना, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच देतात. लपून दिलेली गोळी म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि त्याला कळलं तर घरच्यांवरचा भरवसा पण जातो.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन्हीचा इलाज सोबतच. पुष्कळ लोकांची उदासी दारूमुळेच आलेली असते, ती बंद झाल्यावर दोन-चार आठवड्यांत बरीच उतरते. पण तुमच्या भावाचं उलटं दिसतंय, गप्प होणं आणि झोप उडणं आधी आलं, पिणं नंतर. हा क्रम डॉक्टरला आवर्जून सांगा, दारूच्या वासाखाली तो दिसत नाही आणि पेशंट स्वतः सांगत नाही. झोप कधी उडाली, बोलणं कधी कमी झालं, पिणं कधी वाढलं, वैनीला विचारून कागदावर लिहून न्या.

अजून एक, मनात जीव द्यायचे विचार येतात का हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं आजच घरातून हलवा, कुलपात ठेवा, चावी त्याच्याकडे नको. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि तडक दवाखाना गाठा.

सेलूची_सून

वैनीबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितेय. आमच्या यांना आधी एका खाजगी केंद्रात नेलं होतं, पैसे भरपूर घेतले, तिथं बांधून ठेवायचे, फोनवर बोलू पण द्यायचे नाहीत, डॉक्टर तर मला एकदाही दिसला नाही. बाहेर आल्यावर आठवड्याभरात परत सुरू. मग सरकारी दवाखान्यात मनोविकारच्या ओपीडीला गेलो, तिथल्या मॅडमनी यांचं झाल्यावर मला विचारलं तुमची झोप कशी आहे, तेव्हा मी जी रडायला लागले ती थांबेचना. मला पण गोळ्या लागल्या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, तिथं पेशंटच्या बायकांचा सहचरी गट चालतो, तसलं आपल्या तालुक्यात का नाही हो?? वैनीला सोबत न्या आणि तिचा पण वेगळा केसपेपर काढा.

भाऊसाहेब_वणी

इलाज वगैरे सगळं खरं, पण दुकान गावातच असेल तर माणूस किती दिवस तग धरणार. बायांना एकत्र करा, आडवी बाटलीचं म्हणजे दुकान बंद करायचं मतदान मागा, एकूण मतदार महिलांपैकी अर्ध्याहून जास्त विरोधात गेल्या की परवान्याचं दुकान बंद होतं.

चांदा_ते_नागपूर

परवान्याचं होतं, हातभट्टी आणि चोरून विकणारा तसाच राहतो. वर्धा जिल्ह्यात 70च्या दशकापासून बंदी आहे, तिथल्या कोणालाही विचारा. चंद्रपूरची बंदी 2015 ला लागली आणि 2021 ला उठली. बंदीच्या मी विरोधात नाही, पण एकट्या बंदीनं भागत नाही. गडचिरोलीत 1993 पासून बंदी होतीच, तरी 2016 ला मुक्तिपथ नावाचं अभियान सुरू करावं लागलं, त्यात गावानं विक्री थांबवायची आणि पिणाऱ्याला उपचार पण जवळच मिळायचा असं दोन्ही धरलंय. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेला सर्व्हे 2019 ला आला, त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकानंच काहीतरी उपचार मिळाल्याचं सांगितलं होतं. बाकीचे 37 कुठं जातात? दुकान बंद केलं तरी ते 37 गावातच आहेत ना.

कापूसवाला_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. औषधाचे डबे आत्ताच काकाच्या घरी नेऊन ठेवले. वैनीशी बोललो, ती यायला तयार आहे. भाऊ दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतो मी काय पागल आहे का. त्याला न्यायचं कसं?

समुपदेशक_अमरावती

दारूचं नावच काढू नका. झोप येत नाही, हात थरथरतात, जेवण जात नाही, त्याच्यासाठी दाखवून येऊ म्हणा, हे त्रास त्याला पण नकोच आहेत आणि खोटं पण बोलावं लागत नाही. सकाळी थोडा शुद्धीवर असतो तेव्हा बोला, प्यायल्यावर वाद घालू नका. ज्याचं तो ऐकतो अशा एकालाच सोबत घ्या, घोळका नको. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आधार कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या असतील त्या न्या. तोपर्यंत 14416 वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलता येतं, वैनीलाही लावू द्या. आणि निघायच्या दिवशी सकाळी त्यानं थोडी घेतली तर त्यावरून भांडत बसू नका, तसंच घेऊन या.