मदत हवी आहे: बाहुलीचा काष्टा फुगतोय!

नमस्कार मंडळी. साडेअकरा इंची बार्बीसाठी मंगळागौरीचे कपडे शिवतेय. प्रमाण एकास सहा, म्हणजे नऊवारीचा पन्ना जेमतेम साडेसात इंच. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून खण आणला, तर बुट्टी बाईसाहेबांच्या चेहऱ्याएवढी! मलमल घेतली, तरी काष्टा फुगतोच. चुण्या पाण्याने ओल्या करून, दोरा गुंडाळून रात्रभर ठेवल्या, थोड्या बसल्या. खळ लावू का?

फोटो मासुंदा तलावाकाठी काढले. फोन बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीला धरला की ती खरी वाटते, पण प्लॅस्टिकचा चेहरा चमकतो. उन्हात कोणी पातळ पांढरं कापड आडवं धरतं का?

आणि पाव इंची जरीकाठ ठाण्यात कुठे मिळेल? टाचण्या सुचवू नका, कपडे काढता-घालता यायला हवेत.