मदत हवी आहे: लेशमानियात क्रिस्परने जीन काढला, दोन्ही मार्कर बसले, तरी मूळ जीनचा बँड जात नाहीये

नमस्कार, इथे बायोटेकवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. महिनाभर एकाच बँडपाशी (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) अडकलेय आणि आमच्या लॅबमध्ये लेशमानियावर क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापून जीन बदलायची पद्धत) करणारी मी एकटीच आहे.

आधी थोडं सांगते. मी मूळची भंडाऱ्याची, पीएचडीचं चौथं वर्ष, काम लेशमानिया डोनोव्हानीवर, म्हणजे काला आजाराच्या परजीवीवर. आपल्याकडे विदर्भात वाळूमाशी म्हटलं की चांदीपुरा विषाणू आठवतो, तिकडे बिहार-झारखंडात तिच्याच गोतातली माशी चावून हा आजार होतो. गेल्या वर्षी सॅम्पलसाठी वॉर्डात गेले होते, आठेक वर्षांचा मुलगा, हातपायाच्या काड्या आणि पोट फुगलेलं, डॉक्टरांनी माझी बोटं धरून त्याच्या पोटावर ठेवली आणि प्लीहा कुठपर्यंत आलीये ते दाखवलं, बेंबीच्याही खाली. ते काही डोक्यातून जात नाही. अँटिमनीची इंजेक्शनं बिहारमध्ये चालेनाशी झाली, २००२ ला मिल्टेफोसिन आलं, तोंडाने घ्यायचं, पण ते आत ओढून घेणारं प्रोटीन बिघडलं की परजीवी त्यालाही दाद देत नाही. म्हणून नवीन टार्गेट शोधायचं, आणि ज्या जीनशिवाय परजीवी जगूच शकत नाही तोच खरा कामाचा. माझा जीन एका कायनेजचा आहे, म्हणजे दुसऱ्या रेणूंवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमचा.

डोनोव्हानीत आरएनएआयची (जीन न काढता तो गप्प करायची) यंत्रणाच नाही, त्यामुळे जीन काढूनच बघावा लागतो. २०१७ ला आलेली ऑक्सफर्डची पद्धत वापरतेय, म्हणजे कॅस९ (डीएनए कापणारं प्रोटीन) आणि टी७ पॉलिमरेज (गाइड आरएनए बनवणारं) कायम बनवणारी सेल लाइन, गाइडचा (कुठे कापायचं ते सांगणारा आरएनए) टेम्प्लेट आणि मार्करची कॅसेट (जीनच्या जागी बसणारा, औषधात जगू देणारा तुकडा) दोन्ही पीसीआरनेच बनवायचे, कॅसेटच्या टोकांना फक्त ३०-३० अक्षरांची होमोलॉजी, म्हणजे तिथल्या डीएनएशी जुळणारा भाग. जीनच्या दोन कॉपी म्हणून प्युरोमायसिन आणि ब्लास्टिसिडिन दोन्ही मार्कर एकदमच दिले.

कंट्रोल म्हणून पीएफ१६ (शेपटी हलवायला लागणारा जीन) काढला, तो पहिल्याच झटक्यात जमला. एरवी मायक्रोस्कोपखाली प्रोमास्टिगोट (परजीवीचं शेपटीवालं रूप) शेपटी पुढे करून सुरसुर पळत असतात, पीएफ१६ गेल्यावर सगळे जागच्या जागी, मी सरांना हाक मारून दाखवलं इतका आनंद झाला होता.

माझ्या कायनेजचं मात्र असं झालं की पेशी वाढायलाच पीएफ१६ वाल्यांपेक्षा आठवडाभर जास्त लागला, वाढल्या त्या दोन्ही औषधांत जगल्या, जेलवर प्युरोचा जंक्शन बँड (कॅसेट योग्य जागी बसल्याची खूण) बरोबर, ब्लास्टचाही बरोबर, आणि जीनच्या आतल्या प्रायमरचा ६०० अक्षरांचा मूळ बँड, तोही चांगला झळझळीत. आधी वाटलं मेलेल्या पेशींचा डीएनए असेल, म्हणून चार पॅसेज केले, म्हणजे चार वेळा नव्या माध्यमात वाढवल्या. तसाच. मग ९६ वेलच्या प्लेटमध्ये क्लोन पाडले (एकेका पेशीपासून वेगळ्या वाढवल्या), १४ मिळाले, आणि १४ च्या १४ मध्ये तिन्ही बँड. पाण्याची लेन स्वच्छ आहे, प्रायमरही नवे मागवून झाले.

सर म्हणतात गाइड नीट कापत नाहीये, नवीन डिझाइन कर. मला वाटतं जीनच गरजेचा आहे. पण नुसत्या वाटण्यावर थिसिसमध्ये काय लिहू? फेलोशिपचे चार महिने उरलेत. कुणी हे पाहिलंय का?

प्रतिसाद १

ताई, गाइड बदलण्यात वेळ घालवू नका. ३० अक्षरांची होमोलॉजी इतकी तोकडी आहे की डीएनए कापला गेल्याशिवाय कॅसेट तिथे बसणं अवघड, आणि तुमच्या तर दोन्ही बसल्यात, म्हणजे गाइड कापतोय. तुम्हाला जे दिसतंय ते लेशमानियाचं जुनंच वागणं आहे. १९९३ मध्ये संशोधक स्टीफन बेव्हरलींच्या गटाने डीएचएफआर-टीएस जीनवर (याच्याशिवाय परजीवीला थायमिडिन बाहेरून लागतं) हेच दाखवलं होतं, थायमिडिन न देता दोन्ही कॉपी काढायला गेलं की परजीवी आख्ख्या क्रोमोसोमची जादा कॉपी बाळगून जीन शाबूत ठेवतो. क्रोमोसोमची संख्या मुळात पेशीपेशीला थोडी वेगळी असतेच, ३१ नंबरचं तर नेहमीच दोनापेक्षा जास्त. ज्या पेशीत तिसरी कॉपी होती तीच तुमच्या दोन औषधांतून वाचली असणार, दोन कॉपींवर मार्कर बसले आणि तिसरी मूळचीच राहिली. गाइडचा टेम्प्लेट नुसता पीसीआरचा तुकडा, थोड्या दिवसांत तो संपतो, मग ती कॉपी कापायला कोणी उरत नाही.

आता क्यूपीसीआर (कॉपी मोजायचा पीसीआर) करा, पण जीनवर नाही, त्याच क्रोमोसोमवरच्या शेजारच्या जीनवर. तिथे दोनाऐवजी तीन आले की चित्र स्पष्ट. जीन एकाला एक लागून रिपीट तर नाहीये ना, हे ट्रायट्रिपडीबीवर (या परजीवींच्या जीनोमचा डेटाबेस) आधी बघून घ्या, नाहीतर सगळाच अर्थ बदलेल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पण परीक्षक एवढ्यावर ऐकणार नाहीत. आधी जीनची एक कॉपी प्लाझ्मिडवर (क्रोमोसोमबाहेरचा डीएनएचा गोल तुकडा) द्या, मग क्रोमोसोमवरच्या काढा. तुमचे गाइड जीनच्या बाहेर यूटीआरमध्ये (प्रोटीन न बनवणारा कडेचा भाग) कापतात, प्लाझ्मिडवर फक्त कोडिंगचा भाग ठेवलात तर तो वाचेल. मार्कर निओमायसिनचा घ्या, हायग्रोमायसिनचा मार्कर सेल लाइन बनवतानाच वापरलेला असतो. प्लाझ्मिडवर थायमिडिन कायनेजही (गॅन्सिक्लोविरचं विष करणारं वेगळं एन्झाइम) ठेवा, नंतर गॅन्सिक्लोविर घातलं की प्लाझ्मिड सांभाळणाऱ्या पेशी मरतात. तरीही जे जगतील त्यांनी प्लाझ्मिड सोडलेलाच नाही असं दिसलं, तर जीन गरजेचा म्हणायला जोर येतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, सरांना धागा दाखवला. जीन रिपीट नाहीये, एकटाच आहे. पाच क्लोनवर क्यूपीसीआर केला, शेजारच्या जीनचा आकडा पाचही ठिकाणी तीनच्या आसपास, आणि पीएफ१६ वाल्या कंट्रोलमध्ये दोन. रात्री साडेदहाला आकडे आले, मी तिथेच स्टुलावर बसून तीनदा हिशेब केला.

नवीन गाइडची ऑर्डर रद्द केलीये. प्लाझ्मिड बनवायला घेतलाय, थायमिडिन कायनेजसकट, सोमवारी ट्रान्सफेक्शन, म्हणजे तो पेशींत घालायचा. गॅन्सिक्लोविर डोनोव्हानीवर कुणी वापरलं असेल तर किती ठेवलं आणि किती पॅसेज थांबलात ते प्लीज सांगा, आमच्याकडे एकच बाटली आहे.