शब्दचर्चा: प्रार्थनेतल्या ‘ड्रायनेस’ला मराठीत काय म्हणायचं?

वसईकर:
मंडळी, मदत हवीय. आमच्या चर्चच्या रिट्रीटसाठी, म्हणजे प्रार्थना-शिबिरासाठी, एक चार पानी हॅन्डआउट मराठीत करतोय, विषय आहे मौन प्रार्थना, म्हणजे रोजरी-नोव्हेनासारखी तोंडाने म्हणायची नाही, नुसतं देवापुढे गप्प बसायचं ती. त्यात पावलोपावली येणारा शब्द म्हणजे ‘ड्रायनेस’, सोळाव्या शतकातल्या संत जॉन ऑफ द क्रॉसच्या स्पॅनिशमध्ये ‘सेकेदाद’. म्हणजे आधी प्रार्थनेला बसलं की भरून यायचं, डोळ्यात पाणी यायचं, आणि मग एक दिवस ते सगळं बंद, काहीच लागत नाही आत. कोरडेपणा, शुष्कता, रुक्षता असं सगळं लिहून खोडून झालंय. कोरडेपणा लिहिलं तर आई विचारते कोण एवढं कोरडं वागलं रे तुझ्याशी. दुसरं म्हणजे त्यांच्या ‘डार्क नाइट’ला, म्हणजे या काळाला ते जी रात्र म्हणतात तिला, एकाने ‘आत्म्याची काळरात्र’ सुचवलंय, ते वाचून मला तरी भयकथाच वाटते. सुचवा.

नाशिककर:
शुष्कता. संपला विषय. स्तोत्रसंहितेतलं ६३ वं स्तोत्र बघा, दावीद यहूदाच्या रानात आहे, जमीन सुकलेली, पाण्याचा थेंब नाही आणि जीव देवासाठी तहानलाय. तिथे शोभणारा शब्द इथे का चालू नये?

फोंड्याची:
नाशिककर, तिथे जमीन शुष्क आहे हो, दावीद नाही. तो तहानलेला आहे, फरक आहे ना. शुष्क हे विशेषण मराठीत माणसाच्या बाजूला आलं की ते पांडित्याला लागतं, शुष्क चर्चा, शुष्क तर्क. रुक्ष म्हटलं की स्वभाव नाहीतर सरकारी पत्र. आणि कोरडं तर सगळ्यात वाईट, कारण ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ हे इतकं डोक्यात बसलंय की प्रार्थनेत कोरडा म्हटलं की ढोंगीच आठवतो. हे तिन्ही शब्द माणसाला दोष लावतात. आणि जॉनबाबांचं म्हणणं बरोबर उलट आहे, की ज्याचं चांगलं चाललंय त्याच्याच वाट्याला हे येतं, नवशिकेपणातून देव त्याला पुढे नेतोय म्हणून येतं. त्यांनी ‘डार्क नाइट’ या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच आईची उपमा दिलीय. आई आधी लेकराला छातीशी धरते, दूध पाजते, कडेवर घेते, मग ते वाढायला लागलं की लाड आवरते आणि स्तनाला ‘आसिबार’ लावते. हा आसिबार म्हणजे कोरफडीचा वाळवलेला कडू रस! आपल्याकडेही अंगावरचं तोडताना कोरफड नाहीतर कडुनिंबाचा पाला लावतातच की. मग पोराला कडेवरून खाली ठेवते, चाल म्हणते. आता यात कोरडं कोण आहे सांगा? आई नाही आणि पोर तर नाहीच, ते बिचारं रडतंय.

लातूरकर:
मी ख्रिश्चन नाही, शब्दांच्या नादाने आलोय. पण फोंड्याच्या ताईंनी जे सांगितलं त्याला आमच्याकडे सरळ शब्द आहे, ‘आटणं’. पान्हा आटतो, विहीर आटते, बोअर आटतं. ज्या गावाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथला माणूस सांगतोय म्हणून तरी ऐका. आटली म्हटलं की कालपर्यंत होतं हे त्यात आलंच, जिथे कधी पाणीच लागलं नाही त्या खड्ड्याला कोणी आटला म्हणत नाही. आणि झरा खाली कुठेतरी असेल ही आशा पण त्या शब्दात शिल्लक राहते, कोरड्या विहिरीत ती नसते.

वसईकर:
अरे वा. आटणं डोक्यातच नव्हतं आलं. आणि विहिरीवरून आठवलं, संत तेरेजा आव्हिलाकरीण, त्यांचा कार्मेलाइट पंथ सुधारायच्या कामात जॉनची वडीलधारी सहकारी (ती १५१५ ची, ते १५४२ चे), तिने आत्मचरित्राच्या ११ व्या प्रकरणात प्रार्थनेला बागेची उपमा दिलीय, पाणी घालायचे चार प्रकार. एक, विहिरीतून शेंदून. दोन, रहाट आणि पाट. तीन, नदी-ओढ्याचं. चार, पाऊस, ज्यात माळ्याला काही करावंच लागत नाही. आणि ती म्हणते की कित्येक दिवस पोहरा खाली सोडायचा आणि रिकामाच वर ओढायचा असं होतं तेव्हा माळ्याने काय करावं? तर खुशाल ओढत राहावं, कारण बाग त्याची नाहीये, धन्याची आहे. ही बाई काही हवेत बोलत नव्हती, तिने स्वतःच लिहून ठेवलंय की काही वर्षं प्रार्थनेच्या तासाला तिचं लक्ष घड्याळाचा टोला कधी पडतो इकडेच असायचं. हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्या प्रवचनाने नाही आला.

लातूरकर:
शेंदणं, रहाट, पाट! हे तर मराठीत आणायचीही गरज नाही, आहेच. बाईंचा चौथा प्रकार म्हणजे आमची कोरडवाहू शेती बघा, सगळं वरच्यावर अवलंबून. म्हणजे कोरडवाहू हा शब्द तिच्या हिशोबात सगळ्यात वरच्या पायरीवर जातो की, बागायतदार खाली 😄

नाशिककर:
बरं, आटणं मान्य, पण मग ‘विरह’ का नको? आपल्या संतांनी हेच तर गायलंय, विरहिणी आहेत, करुणाष्टकं आहेत. तयार शब्द सोडून विहिरी कशाला खोदताय.

फोंड्याची:
विरह जवळ आहे पण माझ्या मते तो शब्द जास्त ओला आहे. विरहात गाणं सुचतं, डोळे वाहतात, आठवण छळते, म्हणजे भावना तुडुंब असते. सेकेदादमध्ये भावनाच नसते, तीच तर तक्रार आहे. रडूसुद्धा येत नाही. माणूस तासभर आराधनेला बसतो आणि डोक्यात उद्याची भाजी. विरह म्हटलं तर तो बिचारा म्हणेल माझं तर तेवढंही होत नाहीये. पण एका ठिकाणी नाशिककरांचं खरं आहे, ते जॉनच्या कवितेत, ‘डार्क नाइट’ हे पुस्तक जिच्यावर लिहिलंय त्या. ‘एन ऊना नोचे ओस्कूरा’ अशी पहिली ओळ, एका काळोख्या रात्री, आठच कडवी. एक मुलगी घर निजल्यावर कोणाला न कळू देता बाहेर पडते, तिच्याकडे दिवा नाही, वाट दाखवायला फक्त मनातली आग, आणि ती प्रियकराला भेटते. रात्र पहाटेपेक्षा लाडकी आहे म्हणते. अहो ही तर चक्क अभिसारिका! आणि तिच्या रात्रीला काळरात्र? काळरात्र म्हणजे घात झालेली रात्र, २६ नोव्हेंबरची रात्र. पहिल्या ओळीत ‘आत्म्याची’ वगैरे पण काही नाही. मी नुसतं ‘काळोखी रात्र’ लिहीन.
आणि हे लिहिणारा माणूस काळोखाला घाबरला असता तर समजू शकलो असतो. त्याच्याच पंथाच्या लोकांनी, ज्यांना तेरेजाच्या सुधारणा नको होत्या त्यांनी, डिसेंबर १५७७ मध्ये पकडून तोलेदोच्या मठात कोंडला, जेमतेम आडवं होता येईल एवढी खोली, फटके, शिळं अन्न. ऑगस्ट १५७८ मध्ये तिथून पळाला. त्या खोलीत त्याने कविता रचल्या, त्याही प्रेमाच्या.

मुलुंडकर:
मध्येच पडतो, कारण हे रोमँटिक व्हायला लागलंय. ज्याला काहीच लागत नाही अशा प्रत्येकाला ‘तुझी काळोखी रात्र चाललीय, देव जवळ आलाय’ असं सांगणारे लोक मी पाहिलेत आणि त्यातल्या काहींना खरी गरज डॉक्टरची होती. शब्द कुठलाही घ्या पण हा फरक हॅन्डआउटमध्ये लिहा.

वसईकर:
लिहिणारच आहे, आणि गंमत म्हणजे जॉननेच तो लिहून ठेवलाय. त्याच्या काळात डिप्रेशनला ‘मेलांकोलिया’ म्हणत, आणि तो स्पष्ट सांगतो की आटण्याचं कारण ते असू शकतं, नाहीतर माणसाचं स्वतःचं पाप किंवा ढिलाई असू शकते. म्हणून तीन खुणा देतो. देवाच्या गोष्टीत गोडी नाही पण जगातल्या दुसऱ्या कशातही नाही, ही पहिली, म्हणजे प्रार्थना अळणी आणि वेब सिरीज गोड लागत असेल तर ती रात्र नव्हे, ती नुसती चालढकल. दुसरी, सतत टोचणी, की मी मागे पडतोय, देवाची सेवा होत नाहीये. ढिला पडलेल्याला ही टोचणीच नसते, म्हणून माझ्या मते तिघींतली कळीची खूण हीच. तिसरी, पूर्वीसारखं मनन जमतच नाही, प्रसंग डोळ्यापुढे आणून त्यावर विचार करायचा म्हटला तर गाडी हलत नाही. तिन्ही एकत्र हव्यात. तरी मुलुंडकर म्हणतात ते खरंच, पहिली खूण डिप्रेशनमध्येही दिसतेच, त्यामुळे ‘झोप-भूक गेली असेल तर फादरबरोबर डॉक्टरलाही भेटा’ अशी एक ओळ ठळक टाकतो.
आता मौनाचं. माणसाचं मौन ठीक आहे, पण ‘सायलेन्स ऑफ गॉड’ला ‘देवाचं मौन’ लिहू का ‘देवाची शांतता’?

लातूरकर:
अबोला!

फोंड्याची:
अबोला मस्त आहे पण त्यात रुसवा येतो, नवराबायकोतला. अर्थात ज्याच्यावर वेळ आलीय त्याला नेमकं तेच वाटतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापून आली त्यात हेच आहे, कलकत्त्यात गरिबांमधलं काम सुरू झालं साधारण तेव्हापासून आत अंधार, तो जवळजवळ मरेपर्यंत, मध्ये १९५८ मध्ये महिनाभर काय ती उसंत. बऱ्याच जणांनी लगेच अर्थ काढला की मदरची श्रद्धाच उडाली होती. पण श्रद्धा उडालेला माणूस कोणाचा अबोला धरून बसेल? जो नाहीच त्याचा अबोला कसा असेल. या एका कारणासाठी मला तो शब्द सोडवत नाही. पण हॅन्डआउटला ‘मौन’च ठेवा. जॉनचं एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की बापाने एकच शब्द उच्चारला, तो म्हणजे त्याचा पुत्र, आणि तो शब्द सदैव मौनात उच्चारला जातो, ऐकायचाही मौनातच. तिथे अबोला घातला तर वाक्याचा पार विचका होईल.

नाशिककर:
ठीक आहे, मी हरलो 🙏 एक शेवटचं. याच्या उलट जे ‘कन्सोलेशन’, म्हणजे प्रार्थनेत भरून येणं, त्याला काय? ‘सांत्वन’ वाचलंय मी.

वसईकर:
सांत्वन मयताच्या घरी करतात हो. मी ‘गोडी’ लिहितोय, वर खुणांमध्येही तेच लिहिलंय. म्हणजे संत इग्नेशियसचा जो नियम आहे ना, उदासीच्या काळात आधीचे निर्णय फिरवू नका, तो असा होईल: ‘गोडी आटली म्हणून घेतलेला निर्णय बदलू नये.’ चालेल का?

लातूरकर:
गोडी आटत नाही, गोडी जाते. ‘झरा आटला’ म्हणा, नाहीतर ‘गोडी गेली म्हणून’.

वसईकर:
गोडी गेली. बरोबर. उद्या प्रूफ काढतो.