वळताना पुढच्या चाकातून 'टक्' आवाज येतो, नेमकं काय तपासू?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे, बरीच चाललेली. हल्ली पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या बाजूने 'टक्' असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर काही नाही. गॅरेजमध्ये दाखवली, तर गाडी वर न घेताच "दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट गेलेत, बदलून टाका" असं सांगितलं (ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकांना देणारे दांडे). एवढा खर्च करायच्या आधी खात्री करून घ्यायची आहे. गाडीत रोज मुलं बसतात, त्यामुळे तोवर चालवावी की नाही तेही सांगा.

प्रतिसाद १

शाफ्टला लगेच हात लावू नका. आधी एवढंच बघा: गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर आवाज येतो का? सगळा गुंता इथेच सुटतो. उभ्या गाडीत चाकं गोल फिरत नाहीत, त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटला (शाफ्टचा वळणारा सांधा) आवाज करायला कारणच नसतं.

जॉइंटची खूण वेगळी. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवा आणि मध्येच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. बाहेरचा सीव्ही जॉइंट झिजला असेल तर 'टक-टक-टक-टक' अशी लय लागते आणि वेग वाढला की लयही वाढते. आतले बॉल ज्या खाचांतून सरकतात त्या खाचांना खड्डे पडलेले असतात, म्हणून हा आवाज. दोन्ही दिशांना आणि रिव्हर्समध्येही फिरवून बघा. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त बोलतो, म्हणजे उजवीकडे वळताना डावा.

मग चाकामागे टॉर्च मारा. शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला आणि आसपास काळं ग्रीस उडालेलं दिसतं. बूट नुकतंच फाटलंय आणि आवाज अजून नाही, अशा वेळी साफ करून नवं ग्रीस आणि नवं बूट घातलं की भागतं. आवाज सुरू झाला असेल तर खाचा खराब झालेल्या असतात, तिथे ग्रीसने काही होत नाही.

धागाकर्ता

खूप आभार. बूट दोन्हीकडे शाबूत आहेत, ग्रीस कुठेच उडालेलं नाही. मैदानात फिरवली, टकटकीची लय लागत नाही. पण गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवलं की एकदाच जोरात 'ढप्' होतं, आणि परत आणताना पुन्हा एकदा.

प्रतिसाद २

मग स्ट्रट माउंटचं बेअरिंग (शॉकअप आणि स्प्रिंग वर बॉडीला बसतात तिथलं), जवळजवळ नक्की. स्टिअरिंग वळतं तेव्हा शॉकअपसोबत स्प्रिंगही वळायला हवी. वरचं बेअरिंग गंजून जाम झालं की स्प्रिंग पीळ खात राहते आणि मग एकदम सुटते. तोच 'ढप्'.

खात्री करायची तर हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा. दुसऱ्याने बाहेरून स्प्रिंगच्या वेढ्यावर तळहात टेकवायचा. बोटं दोन वेढ्यांच्या मध्ये मुळीच घालू नका. स्प्रिंग सलग वळण्याऐवजी अडून उडी मारते, ती हाताला स्पष्ट कळते. तेव्हाच स्प्रिंगचा अगदी खालचा वेढाही नजरेखाली घाला. तो तिथे तुटलेला असला तरी असाच आवाज येतो, आणि तुटलेलं टोक टायरला लागू शकतं. तसं दिसलं तर गाडी हलवू नका.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत, पण खालचा बॉल जॉइंट (चाकाची बैठक खालच्या आर्मला जोडणारा सांधा) तपासल्याशिवाय धागा बंद करू नका. माउंट वाजत राहिलं तरी गाडी गॅरेजपर्यंत जाते. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. मुलं बसतात म्हणताय, म्हणून आग्रहाने सांगतोय. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा, आणि टॉमीने (लोखंडी पहारीने) लोअर आर्म हलकेच उचलून बघा. तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर गाडी टो करूनच न्या. डावं-उजवं धरून हलवताना खडखडलं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांड्याचं टोक). चाकाचे नटही पान्याने घट्ट आहेत का बघा, मिनिटाचं काम आहे.

धागाकर्ता

स्प्रिंग हाताखाली उडी मारते, अगदी सांगितलंत तशी. खालचा वेढा अखंड आहे. बॉल जॉइंटला आणि टाय रॉडला प्ले नाही, नट घट्ट आहेत. माउंट घरी बदलता येईल का? आणि एकच बाजू बदलू की दोन्ही?

प्रतिसाद २

घरी नको. माउंट काढायला स्प्रिंग दाबावी लागते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर सटकला तर दाबलेली स्प्रिंग माणसाला कायमचं जायबंदी करते. गॅरेजला द्या, पण "स्ट्रट माउंट आणि बेअरिंग" असं नाव घेऊन काम सांगा. दोन्ही बाजू सारख्याच चालल्यात, म्हणून मी दोन्हीकडचे बदलेन. स्ट्रट उघडलेला असताना शॉकअपला तेल सुटलंय का तेही बघायला लावा. जोडणी झाली की व्हील अलाइनमेंट करून घ्या.

धागाकर्ता

दुसऱ्या गॅरेजमध्ये दोन्ही माउंट बदलून घेतले. काढलेलं डावं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं, तर ते फिरतच नव्हतं. आत गंजाची लाल पूड. उजवंही खरखरत होतं. शाफ्ट आहेत तेच आहेत, आवाज पूर्ण गेला. स्टिअरिंगही हलकं झालंय आणि वळल्यावर आपसूक सरळ होतं, आधी ते अडकायचं. आता फक्त खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना बारीक खुडखुड ऐकू येते, वळण असो वा नसो.

प्रतिसाद १

वळणाशी संबंध नाही म्हणजे आधी स्टॅबिलायझरची (वळताना गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड बघा. चाकं जमिनीवर असतानाच ती हाताने धरून जोरात हलवा. दोन्ही टोकांच्या छोट्या बॉल जॉइंटमध्ये ढिलेपणा लागला तर बदला. ही मात्र थोडी हत्यारं असतील तर घरी जमते, कारण इथे स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. नट फिरताना बॉलची दांडीही सोबत फिरू लागते, ती टोकाला अ‍ॅलन कीने धरून ठेवा.